पुसलेली आखणी

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात सून म्हणून आलं की पहिल्यांदा एकच शिकवतात: डोळ्यांची आखणी झालेल्या मूर्तीसमोर मोठ्यानं बोलायचं नाही. डोळे काढेपर्यंत तिच्या खांद्यावर फडकं टाकलं तरी चालतं. डोळे काढले की आवाज खाली. मी केमिस्ट्रीची पदवीधर, असल्या गोष्टींना हसणारी. पण हा नियम मीही पाळते.

आमच्याकडे आखणी सासऱ्यांची. हैबतराव, घरात अण्णा. रोह्याजवळच्या वरसेचं मंडळ दरवर्षी मूर्ती आमच्याकडूनच नेतं, आणि अट एकच, डोळे अण्णांच्याच हातचे हवेत. गेल्या वर्षीपासून अण्णांचा हात थरथरतो. तरी ते रोज सकाळी स्टुलावर बसतात, भिंग लावतात आणि डोळे काढतात. डाव्या डोळ्याच्या वरच्या रेघेत मधोमध एक दचका बसतो, हमखास तिथेच.

दुपारी ते जेवून घरी आडवे होतात. तेवढ्यात मी ओल्या फडक्यानं ते डोळे पुसते, पांढऱ्याचा एक हात देते आणि माझे डोळे काढते. ते परत आले की भिंगातून बघतात आणि खूश होतात.

"बघ गो प्रणिता, हात अजून शाबूत हाय."

"व्हय, अण्णा," मी म्हणते. माझे कान तापतात. कळलं तर ते पुन्हा ब्रश धरणार नाहीत, म्हणून मी हे करते, असं मी स्वतःला सांगते. मंडळ हातचं जाईल ही भीती त्याच्या मागे लपवते. दोन्ही खरं आहे, आणि लाज दोन्हीची वाटते.

या हंगामात आमच्या मूर्ती पोचवणारा रोह्याचा शाहिद टेम्पोतून एक खेळणं घेऊन आला. त्याचा भाऊ मुसा दुबईत एका इंग्रज कुटुंबाचा ड्रायव्हर. त्यांनी टाकून दिलेला हातात मावेल एवढा व्हिडिओ गेम.

"काकांना द्या, वहिनी. बोटांना कसरत होईल," शाहिद म्हणाला.

खेळ साधाच. वरून विटा पडतात, त्या वळवून रांग भरायची, भरली की रांग नाहीशी होते. कोपऱ्यात एक काटकुळा हॅटवाला साहेब छत्री घेऊन उभा असतो आणि खाली त्याचं इंग्रजी उमटतं. अण्णांना इंग्रजी येत नाही, तेव्हा वाचून अर्थ सांगायचं काम माझं. वीट चुकली की साहेब म्हणे, "उत्तम. भिंत सरळच असावी असा काही कायदा नाही." सगळं कोसळलं की, "घर गेलं. चहा घेणार?" अण्णा पोट धरून हसायचे. बॅटरीचं झाकण सैल होतं, त्यामुळे त्यांच्या हातात ते यंत्र सतत खुळखुळायचं. मी रंगाच्या खोलीत असले तरी अण्णा कुठे आहेत ते मला कळायचं.

एका दुपारी ते उठून आले, खेळायला बसले आणि म्हणाले, "काय म्हणतो गो सायब?"

मी वाचलं. "मॅडमचा उजवा डोळा किंचित वर गेला आहे. पण लोक सभ्य असतात, बोलणार नाहीत."

"शाबास म्हणतोय," मी सांगितलं.

मग आत जाऊन नुकत्याच आखलेल्या मूर्तीला मोजपट्टी लावली. उजवा डोळा किंचित वर गेला होता.

कुठल्यातरी पातळीचं ठरलेलं वाक्य असेल, योगायोगानं जुळलं, असं मी मनाशी घोकत राहिले. दुसऱ्या दिवशी साहेबानं छत्री मिटली होती. "क्षमस्व. मॅडमनी पुसलेल्या जोड्या ठेवायला जागा अपुरी पडते आहे."

"बॅटरी संपत आलीय म्हणतो," मी म्हणाले. खोटं इतक्या सहज जिभेवर आलं की माझी मलाच किळस आली.

वरसेची मूर्ती न्यायला शाहिद यायचा होता, त्या दिवशी दुपारी मी शेवटची आखणी उरकली. सकाळचे डोळे पुसले, माझे काढले. जीव ओतून काढले. मूर्ती फळीवर ठेवली. अण्णा आले आणि यंत्र घेऊन बसले.

"रांग भरली तरी जात का नाय गो?"

मी वाकून पाहिलं. पडदा खालपासून जवळजवळ वरपर्यंत भरला होता. प्रत्येक विटेवर काळ्या बारीक रेघा होत्या.

अण्णांनी खिशातून भिंग काढलं आणि पडद्यावर धरलं.

खुळखुळ थांबली.

डोळे होते. प्रत्येक विटेवर एक जोडी. डाव्याच्या वरच्या रेघेत, मधोमध, दचका.

"हे माझं हायत," अण्णा म्हणाले.

फडकं अजून माझ्या खांद्यावर होतं, ओलं. त्यांनी आधी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"घे," त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. "तूच भर आता."

वरून एक वीट सुटली. हळू येत होती. तिच्यावरच्या रेघा सरळ, नितळ होत्या, दचका नव्हता. माझा हात मी ओळखला.

खाली अक्षरं उमटली. "आभारी आहे, मॅडम. आता बरोबर बसेल."

मी बटण दाबलं नाही. वीट आपणच वळली आणि बसली. सगळ्या रांगा एकदम गेल्या. पडदा कोरा झाला, साहेबासकट.

फळीवरच्या मूर्तीकडे बघायचा मला धीर झाला नाही. अण्णांनी पाहिलं.

"गो प्रणिता," ते नेहमीच्या आवाजात, मोठ्यानं म्हणाले, "वरसेच्या गणपतीचं डोळे ऱ्हायलं की."

मग त्यांनी ब्रशासाठी हात पुढे केला. हात जराही हलत नव्हता. माझ्या हातातलं यंत्र मात्र खुळखुळत होतं.