नावाचे उंदीर

संग्रहालयातल्या उंदरांचा कारभार माझ्याकडे. काळे उंदीर, तपकिरी उंदीर, काटेरी उंदीर, घुशी. कातड्यात कापूस भरून सगळे खणांमध्ये उताणे निजवलेले. तळाच्या मोठ्या खणात 'नावाचे उंदीर'. म्हणजे घुशीच्या नावावर खपणारा, पण पोटाला पिशवी असलेला परदेशी प्राणी, उंदराचं नाव लागलेलं ठेंगणं हरीण, असले. चिचुंद्रीही यातलीच. ती उंदीर नाही हे सांगून तोंड दुखलं माझं, पण लोक ऐकतील तर शपथ!

नवा प्राणी यायचा असला की आधी कापसाची गादी घालून मुठीने खळगा करायचा, आणि करताना प्राण्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. जागा चुकू नये म्हणून ही आमची रीत.

गेल्या महिन्यात एक चिचुंद्री यायची होती. "चिचुंद्री," म्हणत मी कापूस दाबला.

"कुठली? तुझ्या घरची का?" जोडीदार हसला. माझ्या लेकीला मी चिचुंद्रीच म्हणतो. किडकिडीत अंग, लांब नाक, दिवसभर चिरचिर.

"घरचीच! इथे तरी गप्प पडून राहील," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात लेक तापाने फणफणली. दवाखान्यात ठेवलं, पण ताप कशाचा ते डॉक्टरांनाही कळेना. मधेच कामावर येऊन खण उघडला, तर खळगा हातभर झालेला.

"ही कसली थट्टा?" मी जोडीदारावर खेकसलो.

"मी बोटही लावलं नाही रे, आईशप्पथ."

मी सगळा कापूस उपसून टाकला. दुसऱ्या दिवशी गादी पुन्हा जागेवर. खळगा आणखी लांब, टाचांचे दोन खोलगट ठसे, आणि बाकीचे प्राणी कडेला सरकलेले. हात घातला तर आत ऊब होती.

त्या दिवसापासून मी लेकीला खऱ्या नावानेच हाक मारू लागलो. ती नुसती बघायची, कुणा परक्या मुलीला बोलावल्यासारखी. मग बघेनाशी झाली.

आज तो खणच उखडून काढायला आलो. उशाकडचा कापूस घामाने ओला होता.

तेवढ्यात फोन वाजला. बायको रडत होती.

"अहो, डोळेच उघडत नाहीये ती! डॉक्टर म्हणतात, हाका मारत राहा, तिला झोपू देऊ नका. तुमच्या त्या नावाने मारा ना एकदा. फोन तिच्या कानाशी धरते."

"ते नाव नको गं."

"पाया पडते तुमच्या!"

मी खणापाशी मटकन बसलो. हाक नाही मारली तर पोर हातची जाणार. मारली तर कुठे जाणार, ते समोर दिसत होतं.

"चिचुंद्रे," मी म्हणालो. "ए चिचुंद्रे, बाबा बोलतोय."

"ओठ हलले!" बायको ओरडली. "अहो, ओठ हलले तिचे! पण आवाज का नाही येत?"

आवाज आला होता.

माझ्या गुडघ्यांशी, कापसातून.

"ओ, बाबा."