उतरवायची वेळ

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली, आणि मी वीस किलो खव्याचं गाठोडं घेऊन तशीच उभी. शेजारच्या टेम्पोवाल्यानं विचारलं, "ताई, सोडू का?" हे 'ताई' त्याला पुढं लई महागात पडलं, पण तेव्हा मी नाइलाजानं बसले. गाठोडं मागं ठेवू दिलं नाही, रस्ताभर मांडीवरच. त्यानं एकदा तिरकं बघितलं, हसला.

तो अमरदीप. त्यानंतर वर्षभर आमचा खवा त्याच्याच टेम्पोतून जाऊ लागला.

आमची भट्टी पाच बायांची. मी, संघप्रिया, सगळ्यांत लहान, पण हुकूम माझा. दूध आटून गोळा धरू लागलं की कढई लगेच उतरवावी लागते, जरा चुकलं की करपलंच. म्हणून माझा नियम होता – मी सांगितल्याशिवाय कुणी कढई उतरवायची नाही. चुलीपुढं वीस वर्षं काढलेल्या चांगुणामावशींनीसुद्धा नाही. "तुमची चूलबी परवानगी घेऊनच पेटत असंल," अमरदीप चिडवायचा. मी डोळे वटारायचे, आणि तो गेला की एकटीच हसायचे.

नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरच्या गुरुप्रसादशेठनी पेढ्यासाठी खवा मागितला. पहिला माल पसंत पडला तर कायमचं गिऱ्हाईक. नाही पडला तर कर्ज थकलेली भट्टी बंद, आणि बाया पुन्हा दुसऱ्यांच्या रानात खुरपायला.

माल पाठवायच्या सकाळीच शेठचा फोन आला. आत रेंज कमी, आवाज तुटत होता, म्हणून मी रस्त्यापर्यंत गेले. बोलणं लांबलं. परत आले तर सगळीकडं धूर... चारी कढया करपलेल्या, आणि चौघी बाया मुकाट्यानं उलथनी फिरवत होत्या.

मी चांगुणामावशींवर ओरडले, दिसत नव्हतं का म्हणून. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"दिसत हुतं गं. पण तू सांगितलं न्हाईस."

चूक त्यांची नव्हती, माझी होती.

माल भरायला आलेला अमरदीप दारात उभा होता. त्यानं समजूत काढली नाही. चार गावं फिरून दुपारपर्यंत दूध आणतो म्हणाला, मी शेठकडून उद्या सकाळपर्यंतची मुदत घ्यावी, आणि या वेळी कढईजवळ उभं राहू नये. मग खाली बघत म्हणाला, "पुण्याच्या कंपनीत ड्रायव्हरची नोकरी मिळाली. उद्या कळवायचंय. थांबलो असतो, संघप्रिया... पण तुला कुणी लागतच न्हाय."

'थांब' एवढंच म्हणायचं होतं. पण मी वळून करपलेल्या कढया बाहेर न्यायला लागले.

दुपारी दूध येईपर्यंत मी कढया घासून दिल्या. मग करपलेली उलथनी घासत बाहेरच बसले. आतून चांगुणामावशींचा आवाज आला, "उतरवा." दर कढईला माझा जीव खालीवर व्हायचा, पण उठले नाही. खवा माझ्या हातच्यापेक्षा रवाळ झाला होता, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरदीपच्या टेम्पोतून माल घेऊन आम्ही दोघं तुळजापुरात पोचलो. गुरुप्रसादशेठनी खवा तळहातावर चोळला, चाखला, आणि रोज पाठवा म्हणाले. मी सांगितलं, हात चांगुणामावशींचा आहे, माल पाचजणींचा.

परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता सरला तेव्हा मी विचारलं, "पुण्याला काय कळवलंस?"

"अजून काय न्हाय."

आजवर मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

"जाऊ नको... मला तू लागतोस, अमरदीप. भट्टीसाठी न्हाय. मला."

त्यानं टेम्पो कडेला घेतला, फोन लावला आणि येत नाही म्हणून कळवलं. त्याचे डोळे भरले होते.

"वर्ष झालं गं," तो म्हणाला, "एवढं ऐकायला खवा वाहतोय."