कॅप्टन थर्सबी गार्ड मागतो

रिकाम्या मैदानावर कुणी गार्ड मागताना, म्हणजे बॅट कुठल्या स्टंपसमोर धरू ते अंपायरला विचारताना, ऐकलंय का रे पोरांनो? आपलं मैदान राखणाऱ्या वॉल्टर पेगने ऐकलं. तीन ऑगस्टची रात्र. पावणेदहा वाजले होते. पाऊस येणार म्हणून तो खेळपट्टीवर ताडपत्री घालायला निघाला.

"मैदानाच्या चाव्याही देऊन ये क्लबच्या सेक्रेटरीला," डोरीन, त्याची बायको, म्हणाली. "रोज रात्री राजीनामा देतोस, अन् सकाळी पुन्हा रोलर ओढतोस!"

"उद्या देतो. नक्की."

त्यांचा मुलगा नील फौजेत होता. अफगाणिस्तानातून त्याची शवपेटीच आली. इथे खेळायचा तेव्हा वॉल्टर अंपायर असायचा. गार्ड घेताना नील नेहमी लेग स्टंप मागायचा, अन् तिथे बुटाने खूण ओढायचा. "बोल्ड होशील, गाढवा," बाप हळूच म्हणायचा. पेटी आल्यापासून वॉल्टर अंपायर म्हणून उभा राहिला नाही. जेवायचा, चहा प्यायचा, गवत कापायचा. रडला मात्र नाही.

पॅव्हिलियनमधला कॅप्टन थर्सबीचा फोटो तुम्ही पाहिलाय. पाद्रीबाबांचा मुलगा. फौजेबरोबर देशोदेशी हिंडला, पण उन्हाळ्यात रजा मिळाली की गावाकडून खेळायला हजर. एक पेनी घेतली नाही कधी. एकोणीसशे चौदा सालच्या तीन ऑगस्टला तो सत्तेचाळीसवर खेळत होता, तेवढ्यात लढाईवर बोलावल्याची तार आली. "बॅट राहू दे, आलोच," म्हणाला. हिवाळ्यात फ्रान्समध्ये पडला. स्कोअरच्या वहीत अजून नाबाद आहे.

तर वॉल्टरने नुकत्याच रंगवलेल्या क्रीजवर ताडपत्री अंथरली. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. वळला.

"अंपायर, मिडल द्या."

पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं.

"मिडल... द्या."

अंपायरने सांगितल्याशिवाय फलंदाज खेळत नाही. वॉल्टरचे पाय आपोआप अंपायरच्या जागी गेले. हात वर झाला.

"थोडं डावीकडे... अजून... बस. मिडल."

ठक. ठक. बॅट टेकल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

वॉल्टरला भीतीसुद्धा वाटली नाही.

"कॅप्टन... आमचा नील... तिकडे आहे का?"

...

वारासुद्धा नव्हता. तो घरी आला, झोपला.

सकाळी चाव्या द्यायला जाता जाता त्याने ताडपत्री उचलली. रात्री पाऊस पडून गेला होता. विटा जागच्या जागी होत्या. खालच्या कोरड्या मातीत, क्रीजवर, बुटाने ओढलेल्या दोन ताज्या खुणा होत्या. एक मिडलची. दुसरी लेग स्टंपची.

चाव्या त्याने दिल्या नाहीत.