उसना चढ

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धनावडे सर अजिंक्यताऱ्याचा चढ चढू लागले आणि खाली साताऱ्यात, गादीवर लोळत पडलेल्या हेरंबला छान वाटायला लागलं.

सर एकाहत्तर वर्षांचे, पी.टी.चे निवृत्त शिक्षक. हेरंब एकोणतीस वर्षांचा, त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. दोघांच्या मनगटांवर सारखीच करडी पट्टी होती. तिला सुखजोड म्हणत. व्यायामाने मेंदूला जी तरतरी येते, ती एकाची पट्टी टिपायची आणि दुसऱ्याची पट्टी त्याच्या मज्जातंतूंत सोडायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना डॉक्टर ती देत. सोबतच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की मनातल्या गोष्टींची नक्कल निघत नाही. आमटीसारखं या वाटीतून त्या वाटीत ओतावं लागतं. त्यामुळे देणाऱ्याला किंचित कमी पडू शकतं.

हेरंबचा घोटा मोडला तेव्हा सर आपणहून म्हणाले होते, "माझं घे. मला रोज उरतंच."

घोटा दीड महिन्यात जुळला. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, ते हेरंबने आठवण म्हणून मागून घेतलं. घरी येऊन पुन्हा पायावर चढवलं आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळलं. याला आता दोन महिने होत आले होते.

लाज वाटत नव्हती असं नाही. रोज पावणेसहाला वाटायची, चांगली कडकडून. आज सांगूनच टाकू, असं तो ठरवायचा. मग सहा-दहाला सर चढायला लागायचे आणि साडेसहापर्यंत लाज पार विरघळून जायची. विणायची सुई घालून प्लास्टरच्या आत खाजवतानाही तो गुणगुणायचा.

साडेसातला सर थालीपीठ घेऊन वर आले.

"काय लेका, पाय काय म्हणतोय?"

"ठणकतोय थोडा."

"ठणकू दे. हाडाला घाई नसते." ते खुर्चीत बसले आणि पोटऱ्या चोळू लागले.

"काय झालं, सर?"

"काही नाही रे. पूर्वी वर पोचलो की छाती भरून यायची. आता नुसत्या पोटऱ्या भरून येतात. आमची मंडळी वर हसायचा व्यायाम करतात ना, तर आज सावंत म्हणाला, सर, तुम्ही जरा पलीकडं बसा. तुमच्याकडं बघून लोकांचं हसू जातंय."

हेरंबने थालीपीठ बाजूला ठेवलं.

"उद्यापासून चढ बंद," सर म्हणाले. "वय झालं असेल. पण तुझं नुकसान होणार बघ. माफ कर हं मला."

माफी त्यांनीच मागितली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला लाज आली, आणि सहा-दहा उलटले तरी जाईना. खाली सर झोपून होते. शेवटी हेरंबने प्लास्टर काढून पलंगाखाली सरकवलं आणि पट्टीवरचं बटण 'घेणारा'वरून 'देणारा'वर नेलं. तसं केलं की समोरच्याची पट्टी आपोआप उलटी व्हायची. योजना सोपी होती. जितके दिवस घेतलं तितके दिवस चढायचं, सरांना पडल्या जागी आनंद पोचवायचा आणि कुणाला काही सांगायचं नाही. चपला हातात घेऊन तो जिना उतरला.

चढताना दम लागला. न मोडलेल्या पायात गोळे आले. पण लाज मात्र पावलागणिक हलकी होत गेली. चांगलं काम करायला घेतलं की असंच होतं, असं त्याला वाटलं.

वर मंडळी गोल करून, हात वर करून हसत होती. तोही गोलात शिरला. तेवढ्यात फोन वाजला.

"हेरंब, झोपमोड केली का रे?" सरांचा आवाज बारीक झाला होता. "मला काहीतरी होतंय. अर्ध्या तासापासून भयंकर लाज वाटतेय."

"लाज?"

"कसली ते कळेना. म्हणून आठवत बसलो. सातवी ब मधल्या निकमला मी एकदा तासभर अंगठे धरायला लावले होते. त्याला फोन केला. तहसीलदार झालाय. म्हणाला, मला आठवतही नाही, सर. तरी माफी मागितली. मग शिर्केची, मग घाडगेची. नऊ जण झाले. हिच्या फोटोपुढंही हात जोडले. कमीच होईना रे."

हेरंबच्या आत काहीतरी उसळलं आणि लगेच ओसरलं.

"आई गं," सर फोनमध्ये कळवळले. "आत्ता आणखी वाढली."

हेरंबने मनगटाकडे पाहिलं. पट्टीला आनंद ओळखताच येत नव्हता. चढणाऱ्याच्या मनात जे असेल ते ती उपसत होती. सरांच्या मनात आनंद होता, एवढंच.

पट्टी राहू दिली तर त्याला पुन्हा कधी लाज वाटणार नव्हती. तो क्षणभर तसाच उभा राहिला. क्षणभर म्हणजे सावंतांचं तीनदा हसून होईपर्यंत. मग त्याने पट्टी उपटून काढली.

सगळी लाज एकदम वाटीत परत आली. तो मटकन खाली बसला.

"अहो, इथं हसायचं असतं!" सावंत त्याच्या डोक्यावरून ओरडले. "मोठ्यानं!"

फोनमध्ये सरांनी दीर्घ श्वास सोडला. "थांबली की रे. एकदम थांबली." मागचं हसणं ते बहुधा ऐकत असावेत.

"हेरंब," त्यांनी विचारलं, "कुठं गेली असेल रे ती?"