मागून येणारी शिट्टी

ज्याला ही थाप वाटेल, त्याने खुशाल थाप म्हणावं. फक्त आमच्या मामीसमोर म्हणू नये.

हे घडलं गेल्या थंडीत, एका रविवारी, दिवस मावळायच्या बेताला. शहराला लागूनच जंगलाची टेकडी आहे. सुट्टीच्या दिवशी अर्धं शहर तिथे पाय मोकळे करायला जातं. भ्यावं असं तिथे काही नाही. निदान आम्हाला तरी तसंच वाटायचं.

मामा शाळेत खेळाचे मास्तर. दर रविवारी ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन टेकडी चढायचे. नियम एकच. सगळ्यांत पुढे मामा, सगळ्यांत मागे मामी, आणि दोघांच्याही गळ्यात शिट्टी. मामांनी वाजवली की मामीने वाजवायची. मागून उत्तर आलं, म्हणजे कुणी मागे राहिलं नाही, चला पुढे. नाही आलं, तर जो जिथे असेल तिथेच थांबायचं.

त्या दिवशी उतरताना अचानक धुकं आलं. पुढच्याची जेमतेम पाठ दिसेल इतकं दाट.

त्यांची मुलगी भिंगरी. एका जागी टिकेल तर शपथ. तिने भुणभुण लावली.

"आई, आज शेवटची मी! शिट्टी मला दे ना."

"अगं, आधी पायाखाली बघ."

"दे ना गं! एकदाच!"

मामीला पोरीचा हट्ट मोडवेना. तिने शिट्टी काढून दिली. "अगदी माझ्या मागोमाग यायचं, कळलं?"

वाट अरुंद, पाचोळ्याने निसरडी. मागे वळून बघायला जावं तर कपाळमोक्षच. मामी नुसता कान मागे ठेवून उतरत होती.

पुढून मामांची शिट्टी...

मागून भिंगरीची.

पुन्हा मामांची... पुन्हा मागून.

"शाब्बास, मास्तरीणबाई!" मामी म्हणाली.

भिंगरी काही बोलली नाही.

एरवी ही पोर झोपेतही बडबडणारी. दमली असेल, असं मामीला वाटलं. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली...

मागून पाचोळ्याचा आवाजच येत नव्हता.

तिच्या स्वतःच्या पायांखाली वाजत होता. पुढच्यांच्या वाजत होता. मागे काहीच नाही.

शिट्टी मात्र वाजली. अगदी मानेजवळ.

मामी गर्रकन वळली.

वाट रिकामी.

"भिंगरे! चेष्टा पुरे हं! समोर ये बघू!"

धुकं... आणि झाडं.

मामीच्या पायांखालची जमीनच सरकली. तिने मामांना हाक मारली आणि आल्या वाटेने वर धावत सुटली. खाली मामा जीव तोडून शिट्टी वाजवत होते. पोर कुठूनतरी उत्तर देईल, ही आशा.

उत्तर येत होतं.

पण वरून नाही. मामी वर धावत होती आणि उत्तर तिच्या मागून येत होतं. वळण घेतलं, तरी मागून. ती थांबली, तरी मागून... तितक्याच जवळून.

"अहो, वाजवू नका!" मामी किंचाळली. "तुमच्या पाया पडते, वाजवू नका!"

सगळं शांत झालं. आणि मग वरच्या बाजूने बारीक रडणं ऐकू आलं.

भिंगरी कड्याच्या टोकाला पाय सोडून बसली होती. जरा पुढे सरकली असती तर... नकोच ते. मामीने तिला मागे ओढलं, एक धपाटा घातला आणि छातीशी धरून ढसाढसा रडली.

"इथे कशाला बसलीस गं?"

"त्या काकूंनी बसवलं. मी बुटाची नाडी बांधत होते ना, तेव्हा आल्या. म्हणाल्या, शिट्टी इकडे दे, शेवटची मी असते."

"कोण काकू?"

"अगं, तुझ्याच मागून तर गेल्या."

त्या दिवशी मामीच्या मागे भिंगरीशिवाय कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामांनी माणसं नेऊन सगळी वाट पिंजून काढली. शिट्टी सापडली नाही.

एवढ्यावर निभावलं असतं, तर मी सांगत बसलो नसतो.

टेकडी सुटली. पण मामी आता कुठेही गेली तरी भिंतीला पाठ लावूनच बसते. रस्त्यात भिंगरीला पुढे ठेवते, मागे कधीच नाही. मामा मैदानावरसुद्धा शिट्टीऐवजी टाळ्या वाजवतात. आम्ही हसायचो. "मामी, ते काय घरापर्यंत येणार आहे का?"

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे होतो. भर दुपार. मामी भिंतीला टेकून भाजी निवडत होती, समोर भिंगरी चित्र रंगवत होती. शाळेचं मैदान खिडकीखालीच. तिथे त्या दिवशी कुणी नवीन मास्तर आले होते. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत...

त्यांनी शिट्टी वाजवली.

मामीचा हात जागच्या जागी थांबला.

भिंगरीने मान वर केली. आईकडे नाही, आईच्या खांद्याच्या जरा वर बघितलं. तिथे तर नुसती भिंत होती.

"काकू, नको ना," ती हळूच म्हणाली. "आई घाबरते."

आणि भिंतीतून उत्तर आलं.

मी माझ्या कानांनी ऐकलंय. आता आम्ही हसत नाही. हे सांगतानाही मी भिंतीला टेकूनच बसलोय. त्याचा काही उपयोग नाही, हे ठाऊक असूनही.