डावीकडचा पोपट

मे महिन्यातला मंगळवार होता आणि काम अगदी साधं होतं. सडक अर्जुनीला जायचं, भैयालाल गुरुजींच्या घरातला जुना कंप्युटर खोक्यात भरायचा आणि दिवस मावळायच्या आत मुर्रीला परत यायचं. रुचिनं पुठ्ठ्याचा रिकामा खोका घेतला, सुतळीची गुंडी पर्समध्ये टाकली आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळला.

"एवढ्या उन्हात कायले जाते?" आई दारातून म्हणाली. "आन् तो डबडा आणून करशील का?"

"गुरुजींचा फोन आला होता, आई. नाही कसं म्हणू?"

रुचि पंचवीस वर्षांची. नागपुरात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर होती आणि चार दिवसांच्या सुटीवर घरी आली होती. तिचं लहानपण सडक अर्जुनीत गेलं होतं. पुढं वडिलांची बदली झाली, मुर्रीत घर बांधलं, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत तिनं तिकडं पाऊल टाकलं नव्हतं.

फोनवर गुरुजींचा आवाज ओळखू येईना, इतका खोल गेला होता.

"पोरी, अल्काचा कंप्युटर तेवढा घेऊन जाय. तुझी मावशी दिवसभर त्याच्यापुढं बसून राहते. जेवत नाही, झोपत नाही. मी हात लावला तर अंगावर धावते. तू नेला तर काही बोलणार नाही."

"मावशी कंप्युटरवर करतात काय?"

फोनमध्ये गुरुजींनी कुठलंसं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "खेळते…"

बसमध्ये खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. तेंदूपानाचे दिवस होते. रस्त्याच्या कडेनं बिडीच्या पानांच्या पुड्यांच्या रांगाच रांगा वाळत पडल्या होत्या. मांडीवर रिकामा खोका धरून रुचि बसली होती आणि नको नको म्हणताना तिला सगळं आठवत होतं.

सन दोन हजारची दिवाळी. गुरुजींनी कंप्युटर आणला तेव्हा त्या वस्तीत तो पहिलाच. गोंदियाहून येताना त्यांनी मॉनिटर गोधडीत गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखा पोटाशी धरून आणला होता. गुरुजींच्या बायकोनं, पार्वता मावशीनं, आपल्या निळ्या लुगड्याचा त्याला झगा शिवला. खोलीत चपला न्यायच्या नाहीत, हात धुतल्याशिवाय बसायचं नाही, असा घरातला कायदा. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि मावशी म्हणायची, "त्यायच्यासमोर बसून राहिल्या पोरीहो, काहीतरी शिका."

पोरी, म्हणजे गुरुजींची अल्का आणि तिची मैत्रीण रुचि, शिकत होत्या, पण पोपटांचा खेळ. दुकानदारानं एक फ्लॉपी फुकट दिली होती. काळ्या पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचं एक पेरूचं झाड, त्यावर दोन पोपट. डावीकडचा हिरवा, उजवीकडचा लाल. कीबोर्ड एकच. डाव्या बाजूच्या तीन कळांवर अल्काची बोटं, उजवीकडच्या बाणांवर रुचिची. एका लाकडी स्टुलावर अल्का, शेजारच्या खुर्चीवर रुचि, कोपराला कोपर. पेरू तोडला की कंप्युटरचा डबा आतून 'टुंक' असा आवाज करायचा. वीस पेरू जो आधी तोडेल तो जिंकला.

अल्काच जिंकायची. पण रुचिचा चेहरा उतरला की हिरवा पोपट अचानक थबके. खालच्या फांदीवरचा पेरू सोडून द्यायचा आणि जागच्या जागी दोन उड्या मारायचा. म्हणजे, घे ना, तुझ्यासाठी ठेवला.

याच गोष्टीवरून एके दिवशी भांडण झालं. "मला नको तुझी भीक," असं म्हणून रुचि उठली ती घरी गेली. दोन हजार दोनचा सप्टेंबर होता. दुसऱ्या दिवशी अल्काला ताप भरला. तीनदा निरोप आला, एकट्या रुचिला गाठून, ये म्हणून. रुचि पंधरा वर्षांची, फुगून बसलेली. नाही गेली. पाचव्या दिवशी अल्काला जीपमध्ये घालून गोंदियाला नेलं. मेंदूचा मलेरिया. ती परत आलीच नाही. ते तीन निरोप रुचिनं दहा वर्षांत कोणाला सांगितले नव्हते.

कोहमाऱ्याच्या चौकात ती उतरली, ऑटो केला आणि दोनच्या सुमाराला गुरुजींच्या दारात उभी राहिली. वस्तीत चिटपाखरू नव्हतं. गुरुजी ओसरीवरच बसले होते, जणू सकाळपासून तिथंच असावेत. तिला पाहून त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी केलं आणि आतल्या खोलीकडं बोट दाखवलं.

"तुम्ही नाही येत?"

"मी… इथंच बरा."

खोलीच्या खिडक्या उन्हासाठी बंद होत्या. आत अंधूक निळा उजेड. जुन्या मॉनिटरवरची धूळ तापली की एक वास येतो, किंचित जळका, किंचित गोड. तो वास नाकात शिरला आणि रुचिला एकदम पंधरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. पडद्याजवळ गेलं की हातावरची लव उभी राहायची, तशीच आताही राहिली.

पार्वता मावशी उजवीकडच्या खुर्चीवर बसली होती. हाडांची मोळी झाली होती नुसती. पडद्यावर पेरूचं झाड होतं. तिचं एक बोट बाणाच्या कळेवर अडखळत होतं. डावीकडचं स्टूल रिकामं होतं.

"आली का," मावशी मान न वळवता म्हणाली. "लय उशीर केला, बाई."

"मावशी…"

"ही तुझी जागा. मी आपली बसून राहिली तुझ्या बदली. पण मले जमत नाही वो. माझं बोट दुखते, आन् तिचं मन भरत नाही." ती भिंतीला धरून उठली. "बस."

रुचिच्या मनात आलं, म्हातारीला दुखवू नये. एक डाव खेळावा, मग गोडीनं वायर काढावी. ती खुर्चीवर बसली. डाव नव्यानं सुरू झाला. लाल पोपट तिच्या बोटांनी हलला. इतक्या वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं.

आणि हिरवा पोपटही हलला.

रुचिचं पोट असल्याच गोष्टींवर चालत होतं. कंप्युटर आपल्या आपण दुसरी बाजू खेळतो, त्यात नवल ते काय, असं तिनं मनाला सांगितलं. पण या खेळात तशी सोयच नव्हती. दोघी नसल्या तर एक पोपट नुसता बसून राहायचा. लहानपणी कितीतरी दुपारी एकटी बसून तिनं हे पाहिलं होतं. मग कीबोर्ड बिघडला असेल, कळ अडकली असेल. तिनं खाली पाहिलं.

डाव्या बाजूच्या तीन कळा दबत होत्या. एक खाली जायची, वर यायची. मग दुसरी. बोट लावल्यासारखी, अलगद, घाईनं, थांबून. टक… टक टक… टक.

रुचिनं आपली बोटं बाणांवरून उचलली. ती उठू पाहत होती, पण पाठीमागून मावशीचा हात तिच्या खांद्यावर आला. हात हलका होता. धरून ठेवणारा नव्हता, विनवणारा होता.

"भिऊ नको… अल्काच आहे."

तेवढ्यात लाइन गेली.

पंखा मंदावला. पडदा मधल्या एका ठिपक्यात आकसून काळा झाला. डब्याची घरघर बंद पडली. बाहेरच्या कूलरचं पाणी ठिबकायचं थांबलं आणि त्या शांततेत, अंधारलेल्या खोलीत, एकच आवाज चालू राहिला.

टक टक… टक… टक टक.

"तिले समजत नाही लाइन गेली ते," मावशी कुजबुजली. "खेळतच राहते. नऊ वर्षं झगा घातलेला होता याच्यावर. हिवाळ्यात पुसायला गेली, तर झग्याखाली कळा वाजून राहिल्या होत्या. मले वाटलं उंदीर असन. झगा काढला… मंग मी लाइन लावली. अंधारात बिचारी काऊन खेळवावी?"

रुचिला रडू फुटलं. भीतीनं की कशानं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"तापात एकच बोले," मावशी म्हणाली. "रुचि आली का एक डाव खेळून घेईन, मंग झोपीन. डोळे मिटू म्हटलं तर मिटेना. मी म्हटलं, येईल बाई, येईल…"

"निरोप मिळाले होते मला, मावशी," रुचि म्हणाली. दहा वर्षांनी ते शब्द बाहेर आले तेव्हा ते फार लहान वाटले. "तिन्ही मिळाले. मी मुद्दाम नाही आले. रागावले होते."

 मावशीनं खांद्यावरचा हात काढला नाही.

रुचिनं रिकाम्या स्टुलाकडं तोंड वळवलं. तिथं पाहवत नव्हतं, तरी पाहिलं. "अल्का," ती म्हणाली, "मी आले… माझं चुकलं."

कळा थांबल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. त्या खोलीत तिघींचा श्वास ऐकू येतोय असं रुचिला वाटत राहिलं, आणि ती मोजायला धजली नाही. मग पंखा करकरला. लाइन आली. रुचिनं हात पुढं केला आणि स्वतःच बटन दाबलं. फ्लॉपीनं कर्र कर्र केलं, पांढरी अक्षरं सरकली, झाड उभं राहिलं.

त्या दोघी खेळल्या. रुचि मनापासून खेळली, हातचं राखून नाही. टुंक. टुंक. दहा-दहा. चौदा-बारा. हिरवा पोपट पुढं निघे, लाल त्याला गाठे. मधे एकदा रुचि चक्क पंधराव्या वर्षासारखी खळखळून हसली. मावशी मागं उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. एकोणीस-एकोणीस झाले तेव्हा झाडावर एकच पेरू उरला होता, खालच्या फांदीवर. हिरवा पोपट त्याच्या अगदी शेजारी होता.

तो थबकला. त्यानं जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

या वेळी रुचिला राग आला नाही. तिनं बाण दाबला आणि पेरू घेतला.

टुंक.

स्टूल फरशीवर थोडंसं सरकलं, कोणी उठून उभं राहावं तसं. बस्स, इतकंच. मावशीनं एक लांब उसासा सोडला, भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "झोपली माझी पोर." थोड्या वेळानं तिनं गुरुजींना हाक मारली आणि भात मागितला. गुरुजींच्या हातातून ताट दोनदा निसटता निसटता राहिलं.

कंप्युटर गुरुजींनीच खोक्यात भरला, रुचिनं सुतळी बांधली. निघताना मावशीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "येत जाजो," म्हणाली. तो खोका रुचिनं गोंदियातल्या भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं होतं, पण देववला नाही. मुर्रीच्या घरी माळ्यावर ठेवून ती नागपूरला परतली.

पंधरा दिवस बरे गेले. इतकी शांत झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. मग एका रविवारी सकाळी ती चहा गाळत असताना गुरुजींचा फोन आला.

"मावशी कशा आहेत?"

"मस्त आहे. दोन्ही वेळा जेवते. काल अंगण सारवलं." आवाज पुन्हा पूर्वीच्या गुरुजींचा झाला होता, पण मधेच अडखळला. "पोरी… तू नागपूरलेच आहेस ना?"

"हो. काऊन?"

"नाही, असंच." ते हलक्या आवाजात बोलू लागले, शेजारच्या कोणाला ऐकू जाऊ नये तसं. "मावशी रोज जेवताना एक ताट जास्त वाढते. मले वाटलं, अल्काचं असन. आज विचारलं. तं म्हणते, अल्का कवाच गेली, हे रुचिचं आहे. ती कुठं गेली म्हणते, इथंच तं आहे, डाव खेळली त्या दिवसापासून…"

रुचि काही बोलणार होती. पण गुरुजींच्या आवाजामागं, त्या घरात कुठंतरी आत, एक पोरगी खळखळून हसली.

रुचिनं फोन कानाशी घट्ट धरला. अल्काचं हसू तिला अंधारातही ओळखू आलं असतं. हे अल्काचं नव्हतं.

हे तिचंच होतं. पंधराव्या वर्षाचं.