चोरघाम

औषधांची पेठ असलेल्या बोझोउच्या गल्लीत शिरताच पाओचा पाय पचकन ओल्या चोथ्यात पडला.

"शी! घ्या, कुणाचं तरी दुखणं माझ्या टाचेला!" तो करवादला. काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकायचा, म्हणजे तुडवणारा आजार घेऊन जातो, असं सगळेच मानत.

वाट दाखवणारा देलू मात्र अंगरखा सावरत, चोथ्याला लांबून वळसा घालून गेला होता.

गुप्तहेर थान आणि त्याचा मदतनीस पाओ यांना देलूच्या विधवा वहिनीनं, वानछिंगनं बोलावलं होतं.

"मी सासऱ्यांना विष घालते, असं भावजी म्हणतात," ती दारातच रडू लागली. "संध्याकाळी शिपाई मला नेणार आहेत, साहेब!"

आत औषधांचे म्हातारे व्यापारी बोशान डोळे मिटून पडले होते. थाननं कपाळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. घाम बर्फासारखा गार होता.

"आधी घाम कधी यायचा?" त्यानं विचारलं.

"झोपेत," वानछिंग म्हणाली. "डोळे उघडले की गायब. चोरघामच तो. औषधानं उतारही पडला होता. आता टक्क जागे असतानाही धारा लागतात."

"मी माहुआंगचं मूळ दिलं होतं," उशाशी बसलेले मो वैद्य चाचरत म्हणाले. "घाम अडवणारं. पुड्या देलू आणतो, उकळते सूनबाई."

"मी नदीकाठची पोर," वानछिंग म्हणाली. "पुडीत काय असतं, मला काय कळतंय?"

"चोथा कुठाय?" थाननं विचारलं.

"नदीत टाकायला लावतो मी," देलू हसला. "रस्त्यावर टाकणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा! माझा नाही बुवा विश्वास."

वानछिंगनं मान खाली घातली.

"पोरगा सुधारलेला दिसतो," पाओ कुजबुजला.

"पाओ, जोडा काढ."

तळव्याला एक हिरवी, पेरं असलेली काडी चिकटली होती. मो वैद्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माहुआंगचीच," थान म्हणाला. "झाड एकच. मूळ घाम अडवतं, काडी घाम फोडते. चोर दिवसाढवळ्या यायला लागला, म्हणजे घरातल्यानंच कडी काढून दिली. वानछिंग, चोथा तूच टाकलास ना?"

"हो. भावजींना चोरून. मामंजी बरे व्हावेत म्हणून."

"विष घालणारी बाई चोथा चव्हाट्यावर टाकेल? तोही या गावात, जिथं दर दुसरा माणूस औषधं विकतो? आणि देलू, विश्वास नाही ना तुझा? मग मघाशी वळसा का घातलास? विश्वास आहेच तुझा. चोथा नदीत टाकायला लावलास, तो काडी ओळखणाऱ्या डोळ्यांच्या भीतीनं. बाप जाईल, वहिनी फासावर, दुकान तुझं."

"खोटं! दुकानातल्या नोकरानं चुकून..."

"पहिल्याच घोटाला कळलं होतं मला."

सगळे दचकले. बोशाननी डोळे उघडले होते.

"जन्म गेला माहुआंग विकण्यात. वाटायचं, आज तरी पोराचा हात थरथरेल. उद्या थरथरेल."

"अहो, मग बोलला का नाहीत?" वैद्य कळवळले.

"वाडगा तो स्वतः माझ्या तोंडाला लावत होता. लहानपणी मी त्याला पाजायचो, तसा." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुला नेणार, हे आत्ता ऐकलं, बाळ. नाहीतर बोललोच नसतो."

देलूनं तोंड ओंजळीत लपवलं. वैद्य औषधाच्या पेटीकडे धावले. वानछिंगनं सासऱ्यांचं कपाळ पुसलं.

ते पुन्हा ओलं झालं नाही; श्वासच थांबला होता.